चाक फिरण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आमच्या प्रयोगशाळेतला एक तरुण तंत्रज्ञ गेल्या हिवाळ्यात ओपीडी संपता संपता दारात येऊन उभा राहिला. हातात रिपोर्ट नव्हता. म्हणाला, "सर, एक विचारू का? रागावू नका." मला वाटलं, रजा हवी असेल. रजा हवीच होती, पण त्याआधी वेगळाच प्रश्न होता. चार मित्र गोव्याला निघाले होते. मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीवर एक रात्र घालवायची असं ठरलं होतं आणि याला तिथलं काहीच माहीत नव्हतं. "रूलेटच्या टेबलावर कसं वागायचं असतं, सर? आणि पैसे किती न्यायचे? तिथं आपलं हसं नको व्हायला."

काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय परिषदेसाठी मी गोव्याला गेलो होतो. तेव्हा त्या टेबलापाशी तासभर उभं राहून दोन हजार रुपये घालवून आलो, ही गोष्ट त्याच्या कानावर गेली असावी. "जुगार वाईट, जाऊ नकोस" एवढं बोलून त्याला वाटेला लावता आलं असतं. पण तिकिटं काढून झाली होती. बिडी सोडायला तयार नसलेल्या रुग्णालाही आपण निदान लेकरांसमोर ओढू नको असं सांगतोच ना! म्हणून त्याला बसवून घेतलं, चहा मागवला आणि अर्धा तास जे बोललो तेच आज इथे लिहितो आहे.

लिहिण्याचं खरं कारण मात्र दुसरं आहे. त्याच खुर्चीत तीन वर्षांपूर्वी एक शेतकरी बसला होता. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही त्याला जे विचारायला हवं होतं ते वेळेवर विचारलं नव्हतं. त्याच्याकडे पुढे येतो.

चाकाचा हिशेब

आधी कायद्याची बाजू. महाराष्ट्रात कॅसिनो चालत नाही. १९७६ साली आपल्या राज्याने कॅसिनोसंबंधी एक कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्यात जुगारबंदीच्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना, आणि १९९६ साली पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरच्या खेळांना वाट मिळाली. एकवीस वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांनाच या कॅसिनोंत जाऊन खेळायला मनाई आहे. ज्या राज्याला त्यातून महसूल मिळतो त्यानेही आपल्या माणसांसाठी दार लावून घेतलं आहे.

आता खेळ. रूलेटच्या चाकाला ३७ खाचा असतात. १ ते ३६ आकडे, निम्मे लाल आणि निम्मे काळे, आणि एक हिरवं शून्य. चाक एका दिशेला फिरतं, छोटी गोळी उलट दिशेला सोडतात. ती ज्या खाचेत थांबेल तो आकडा जिंकला. तुम्ही एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो आला, तर ३५ पट म्हणजे ३,५०० रुपये मिळतात आणि तुमचे १०० परत येतात. हातात आले ३,६००.

ऐकायला छान वाटतं. पण समजा तुम्ही सगळ्याच ३७ आकड्यांवर शंभर शंभर लावले. खर्च ३,७००. कोणता ना कोणता आकडा येणारच, म्हणजे हातात ३,६००. शंभर रुपये गेले. हाच कॅसिनोचा वाटा, २.७ टक्के. काही चाकांवर दोन शून्यं असतात, तिथे खाचा ३८ होतात आणि हा वाटा ५.२६ टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. म्हणून टेबलापाशी गेल्यावर पहिली गोष्ट बघायची ती शून्यं किती आहेत. लाल-काळं लावा, सम-विषम लावा, बारा आकड्यांचा गट लावा, कापला जाणारा वाटा जवळपास तोच राहतो. तुमची हुशारी या आकड्याला हात लावू शकत नाही.

तंत्रज्ञाने लगेच मोबाइल काढून गणित करून पाहिलं. दर फिरकीला १०० रुपये, तासाला ४० फिरक्या, म्हणजे तासाभरात ४,००० रुपये टेबलावरून फिरले. त्याचे २.७ टक्के म्हणजे १०८ रुपये. "इतकेच? मग लोक बुडतात कसे?" त्याचा हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. उत्तर असं, की कुणी शंभरावर थांबत नाही आणि कुणी एका तासात उठत नाही.

टेबलावरची रीत

रूलेटच्या टेबलावर वागण्याचे काही साधे नियम आहेत. बहुतेकांमागे भांडण टाळणं हाच उद्देश आहे.

पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. वर कॅमेरे असतात, प्रत्येक देवाणघेवाण त्यांना दिसली पाहिजे. बदल्यात मिळणाऱ्या चिप्स त्या टेबलापुरत्या असतात. प्रत्येक खेळाडूला वेगळा रंग, म्हणजे कुणाची चिप कुठली हा वाद होत नाही. तुमच्या रंगाच्या एका चिपची किंमत किती, हे घेतानाच विचारून घ्यायचं. उठताना त्या चिप्स डीलरला परत देऊन नेहमीच्या चिप्स घ्यायच्या, खिशात घालून दुसऱ्या टेबलाकडे निघायचं नाही.

गोळी फिरत असताना थोडा वेळ पैसे लावता येतात. डीलरने "नो मोअर बेट्स" म्हटलं की हात मागे. आकडा आला की डीलर त्यावर एक छोटी खूण ठेवतो. ती खूण उचलेपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही, आपल्या जिंकलेल्या चिप्सनाही नाही. दुसऱ्याच्या चिप्स सरकवायच्या नाहीत. लांबच्या आकड्यापर्यंत हात पुरत नसेल तर डीलरला नम्रपणे सांगावं, तो लावून देतो. ग्लास टेबलाच्या कापडावर ठेवू नये. फोनवर बोलणं, फोटो काढणं चालत नाही. हरल्यावर डीलरवर चिडू नये आणि शेजारच्याला सल्ला देऊ नये.

एक डॉक्टर म्हणून मला या नियमांत एक गोष्ट आवडली. त्यामुळे खेळाला विराम मिळतात. चिप्स घ्या, थांबा, गोळी थांबू द्या, खूण उचलू द्या, पैसे वाटू द्या. तेवढ्या मिनिटा-दीड मिनिटात माणूस श्वास घेतो. नवीन माणसाने त्या विरामाचा फायदा घ्यावा, एखादी फिरकी नुसती बघावी. दर फिरकीला लावलंच पाहिजे असा कोणताही नियम नाही.

पाकिटाचा नियम

आता पैशांचं. मी त्याला पाच गोष्टी कागदावर लिहून दिल्या.

एक, रक्कम घरून निघताना ठरवायची, टेबलावर नाही. जी रक्कम सिनेमा, जेवण, सहल यांवर खर्च झाली तर घरात कुणाचं काही अडणार नाही, तेवढीच. ती रोख एका पाकिटात वेगळी ठेवायची. हे पैसे गेले असं समजूनच बोटीत चढायचं. प्रवेशाची रक्कमही खेळाच्याच खर्चात मोजायची, "फुकट जेवण आणि दारू" या शब्दांना भुलायचं नाही.

दोन, एटीएम कार्ड हॉटेलवर. फोनमधल्या पैसे पाठवायच्या ॲपची मर्यादा आधीच कमी करून ठेवायची. मित्राकडून उसने घ्यायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत. दुसरं पहिल्याइतकंच महत्त्वाचं.

तीन, एका फिरकीला पाकिटाचा पन्नासावा भाग. पाकिटात ५,००० असतील तर १०० रुपये. टेबलाची किमान रक्कम त्याहून जास्त असेल तर ते टेबल आपलं नाही, बाजूला उभं राहून बघावं.

चार, वेळ ठरवायची. कॅसिनोत घड्याळ आणि खिडकी सहसा दिसत नाही. फोनला दोन तासांचा गजर लावावा. झोप न झालेला मेंदू मिळण्याकडे जास्त बघतो आणि गमावण्याकडे कमी, आणि दारू पोटात असेल तर ते आणखी वाढतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. थरथर, घाम, धडधड ही साखर उतरल्याची लक्षणं टेबलावरच्या उत्साहात सहज लपून जातात.

पाच, जिंकलेले पैसे दुसऱ्या खिशात. ते पुन्हा टेबलावर येणार नाहीत.

"आणि डबल करत जायचं ते?" त्याने विचारलं. कुणीतरी व्हिडिओत सांगितलेली युक्ती होती. लाल रंगावर १०० लावा, हरलात तर २००, मग ४००, कधी ना कधी लाल येणारच, तेव्हा सगळं भरून निघून वर १०० मिळतात. युक्ती अडीचशे वर्षांहून जुनी आहे. सलग सात वेळा हरलात तर १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठवा डाव १२,८०० चा असतो, तोही शंभर रुपये कमावण्यासाठी! तेवढे खिशात नसतात, आणि असले तरी टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. सलग सात वेळा हरण्याची शक्यता साधारण १०६ मध्ये एक. म्हणजे १०५ वेळा शंभर शंभर मिळून १०,५०० जमतील आणि एका फेरीत १२,७०० जातील. छोटे छोटे विजय रोज सांगायला मिळतात, मोठा पराभव एकदाच येतो आणि त्याबद्दल कुणी व्हिडिओ करत नाही.

टेबलाशेजारी मागच्या आकड्यांचा फलक लावलेला असतो. "आठ वेळा काळं आलं, आता लाल येणारच" असं वाटायला लावणं हेच त्याचं काम. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी काळा रंग सलग २६ वेळा आला. पंधराव्या वेळेनंतर लोक लालवर पैसे ओतत राहिले आणि बुडत राहिले. गोळीला स्मरणशक्ती नसते. ती आपल्याला असते, आणि तिथेच घोळ होतो.

मेंदूत काय होतं

एवढं समजल्यावरही माणूस उठत का नाही? याचं उत्तर गणितात सापडत नाही, शरीरात सापडतं.

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन आहे. त्याला आनंदाचं रसायन म्हणतात ते अर्धवट आहे. वुल्फ्रॅम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पडद्यावर एक खूण दिसली की माकडाला फळांचा रस मिळायचा, कधी हमखास, कधी अधूनमधून. खूण दिसल्यापासून रस मिळेपर्यंतच्या त्या दोन क्षणांत डोपामिनच्या पेशी चढत्या क्रमाने काम करताना दिसल्या, आणि रस मिळण्याची शक्यता बरोबर निम्मी-निम्मी असताना हे सगळ्यात जास्त झालं. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हमखास मिळणाऱ्या रसाने, किंवा कधीच न मिळणाऱ्याने, एवढी हालचाल झाली नाही.

लाल की काळं, हा प्रश्न जवळजवळ निम्मा-निम्माच असतो. गोळी फिरत असते तेव्हाच मेंदू सगळ्यात जास्त पेटलेला असतो. जिंकण्याआधी. म्हणून हरलेला माणूसही लगेच पुढचा डाव लावतो.

दुसरी गोष्ट, थोडक्यात हुकणं. तुम्ही १७ वर लावले आणि गोळी शेजारच्या खाचेत पडली. हिशेबाने हे हरणंच आहे, पण मेंदूची चित्रं काढून केलेल्या अभ्यासांत असं दिसलं की 'थोडक्यात हुकलं' हा अनुभव जिंकल्यावर जागे होणारे काही भाग जागे करतो. म्हणजे हरण्यातूनही पुढे खेळण्याची ओढ तयार होते. परीक्षेत थोडक्यात हुकलं तर पुढच्या वेळी अभ्यास वाढवून फायदा होतो. चाकापुढे कसला अभ्यास वाढवणार?

तिसरी गोष्ट आम्हा डॉक्टरांना औषधांनी शिकवली. कंपवाताच्या काही रुग्णांना प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी डोपामिनसारखं काम करणारी औषधं देतात. त्यातल्या काहींना, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेल्या वृद्धांनाही, अचानक जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो आणि डॉक्टरांनी डोस बदलला की तो बऱ्याचदा ओसरतो. घरात असं कुणी असेल तर औषध आपल्या मनाने बंद न करता लगेच डॉक्टरांशी बोलावं. हे सांगायचं कारण असं, की जुगार आवरणं ही फक्त संस्काराची आणि इच्छाशक्तीची गोष्ट असती, तर एका गोळीने ती बदलली नसती.

गोवा लांब आहे, चक्री जवळ आहे

आता तो शेतकरी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय बत्तीस-तेहतीस, पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. विष पिऊन आलेला, वेळेत पोचला म्हणून वाचला. केसपेपरवर कारणाच्या जागी 'कर्जबाजारीपणा' असं लिहिलं होतं. आपल्या जिल्ह्यात हा शब्द इतक्या वेळा लिहिला जातो की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही विचारला नाही. दारू विचारली, तंबाखू विचारला, झोप विचारली. तिसऱ्या दिवशी त्याचा मेव्हणा बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, कर्ज कापसाचं नाही, मोबाइलचं आहे."

कापसाचा चुकारा खात्यात जमा झाला होता, एक लाख चाळीस हजार. तीन आठवड्यांत तो 'चक्री'वर गेला होता. चक्री म्हणजे पडद्यावर फिरणारं चाक, शून्य ते नऊ असे दहा आकडे, बरोबर आला तर रुपयाचे नऊ. विदर्भातल्या कितीतरी गावांत ती आधी दुकानाच्या मागच्या खोलीत आली, मग फोनवर. नाशिककडे रोलेट या नावानेच मोबाइलवरचा असा जुगार गाजला आणि पोलिसांत गुन्हे दाखल झाले.

मी त्याच्या पलंगाशी बसलो. पुष्कळ वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पयले दोनशे लावले, अठराशे भेटले. मले वाटलं, सावकाराचं फिटन. मंग गेलेले काढाचे होते न साहेब. बायकोले काही सांगतलं नाही." थोडं थांबून म्हणाला, "मीच मूर्ख."

तो मूर्ख नव्हता. पाच एकरात घर चालवणारा माणूस हिशेबात कच्चा नसतो. त्याच्यासमोर जे ठेवलं गेलं होतं ते रूलेटपेक्षा कितीतरी वाईट होतं. दहा आकडे आणि नऊ पट, म्हणजे कापला जाणारा वाटा १० टक्के, मांडवीवरच्या एका शून्याच्या चाकापेक्षा जवळपास चौपट. तिथे निदान खरं चाक आणि खरी गोळी दिसते. इथे चाकाचं नुसतं चित्र असतं आणि आकडा कुणाच्या मर्जीने येतो हे खेळणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

आणि वेग. हा वेग समजून घ्या. आपल्या बापजाद्यांच्या वेळी मटका होता. त्याचं मूळही कापसातच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. म्हणून आजही 'ओपन' आणि 'क्लोज' म्हणतात. १९६० च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, तेव्हा आकडे मुंबईतच काढायला सुरुवात झाली. आधी चिठ्ठ्या मडक्यात टाकून, पुढे पत्ते ओढून. मटक्यातही सिंगल आकड्याला साधारण नऊच पट मिळायचे, म्हणजे लूट तेवढीच होती. पण आकडा दिवसातून दोनदा यायचा. चक्री मिनिटा-दोन मिनिटाला फिरते, रात्री तीनलाही फिरते.

व्यसनाच्या शास्त्रात हा फरक फार मोठा आहे. निकोटिनची पट्टी दंडाला लावली तर ते हळूहळू रक्तात येतं आणि तिचं व्यसन क्वचितच लागतं. तेच निकोटिन बिडीच्या झुरक्यातून काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि माणूस आयुष्यभर अडकतो. जुगाराचंही तसंच आहे. डाव आणि निकाल यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी पकड घट्ट. टेबलावरचे ते विराम, डीलरची ती खूण, चिप्स बदलण्याची ती कटकट, यातलं काहीच फोनवर नाही. तिथे पैसेही पैशांसारखे दिसत नाहीत.

सवय आणि आजार

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार नोंदलेला आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये तो दारू आणि अफूच्या व्यसनांच्या ओळीत नेऊन बसवला. पण त्याची लक्षणं आपल्याकडे त्याआधी फार लिहिली गेली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त एका जुगाऱ्याचं आहे. त्याचे फासे बेहड्याच्या फळांचे, तेच बेहडा जो आपल्या जंगलात होतो आणि त्रिफळ्यात पडतो. पुन्हा खेळणार नाही असं तो ठरवतो आणि फाशांचा आवाज आला की निघतो. बायको दुरावते, कर्ज होतं. शेवटी त्याला फासे सोडून शेती करायला सांगितलं आहे. आमच्या त्या रुग्णाला शेती सोडून फाशांकडे का जावंसं वाटलं, हा प्रश्न मात्र आजचा आहे. ज्याच्या पिकाचा भाव आणि पाऊस दोन्ही त्याच्या हातात नाहीत, त्याला चक्री फारशी वेगळी वाटत नाही.

ओळखायचं कसं? दोन प्रश्न पुरतात. जुगारावर अधिकाधिक पैसे लावावेत अशी गरज तुम्हाला कधी वाटली आहे का? किती खेळलात याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांशी बोलावं. गेलेले पैसे परत काढण्यासाठी पुन्हा खेळणं, थांबायचा प्रयत्न केल्यावर चिडचिड होणं, झोप उडणं, कामात लक्ष नसणं, उसनवारी, घरातली वस्तू गुपचूप गहाण जाणं, ही पुढची लक्षणं.

तंत्रज्ञाला दिलेला पाकिटाचा नियम इथे वेगळ्या कामाला येतो. त्या नियमाने कुणी जिंकत नाही. पण तो एक तपासणी आहे, साखरेच्या तपासणीसारखी. ठरवलेली रक्कम संपली आणि तुम्ही उठलात, तर खेळ अजून तुमच्या हातात आहे. रक्कम संपली आणि तुम्ही फोन काढलात, मित्राकडे हात पसरला, घरी खोटं सांगितलं, तर तपासणीचा निकाल आला असं समजा. पुढच्या वेळी अधिक कडक नियम करू असं ठरवून उपयोग नाही. मर्यादेत खेळणं अशा माणसासाठी नाही, त्याने पूर्ण बंद करायचं आणि मदत घ्यायची.

उपचार आहेत. समुपदेशनातली विचार-वर्तन पद्धत यात उपयोगी पडते. आकडा 'येणारच' असं का वाटतं, कोणत्या वेळी हात फोनकडे जातो, हे रुग्णाबरोबर बसून सोडवतात. दारूचं व्यसन सोडवताना वापरलं जाणारं नाल्ट्रेक्सोन काही रुग्णांना मदत करतं. सोबत नैराश्य किंवा दारू असेल, आणि बरेचदा असतेच, तर त्याचाही उपचार लागतो. या विकारात आत्महत्येचा धोका मोठा आहे. म्हणून 'जीव नकोसा झालाय का' हे स्पष्ट शब्दांत विचारावं. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. सगळं कर्ज एका दमात फेडून टाकू नका, त्यातून पुढच्या डावाची सोय होते. कुणाचे किती, याची यादी करून हप्त्यांनी फेडा आणि काही काळ पैशांचे व्यवहार घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात ठेवा. आणि शिव्याशाप देऊ नका. लाज वाटणारा माणूस लपवतो, आणि लपवलेला जुगार वाढतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. हा नवा कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही. तरी लोक भीतीने बोलत नाहीत. डॉक्टरांपाशी सांगितलेलं गुप्त राहतं, एवढा विश्वास ठेवा. बंदीने दुकानं बंद होतील, पण मेंदूला लागलेली ओढ त्या तारखेला थांबत नाही.

तो शेतकरी अजून येतो, दोन-तीन महिन्यांतून एकदा. साधा फोन वापरतो. मध्ये एकदा पोळ्याच्या सुमारास पत्त्यांत बसला होता, ते त्याने आपणहून सांगितलं. कापसाचा चुकारा आता बायकोच्या खात्यावर येतो. कर्ज अजून आहे, पण यादीतली चार नावं खोडली गेली आहेत. आणि मी प्रत्येक रुग्णाला दारू, तंबाखू विचारल्यावर आता तिसरा प्रश्न विचारतो. विचारायला दहा सेकंद लागतात.

तंत्रज्ञ गोव्याहून परत आला तेव्हा पाकीट रिकामं होतं आणि चेहरा ठीक होता. पाच हजार गेले, दीड तासात उठला, मग डेकवर बसून मासे खाल्ले. पण चौघांतला एक जण पहाटेपर्यंत बसला होता. आधी आपले, मग दोघांकडून फोनवर मागवून घेतलेले, मिळून चाळीस हजार घालवले आणि परतीच्या वाटेवर, घरी काही बोलू नका म्हणून सगळ्यांना शपथ घातली.

"त्याला घेऊन ये," मी म्हटलं. "नुसता चहा प्यायला ये म्हणावं." तो अजून आलेला नाही. त्याला निदान हा नंबर दे म्हणून सांगितलं आहे, तोच वाचकांसाठीही देतो. टेली-मानस, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री तीन वाजताही कुणीतरी उचलतं.